आधी पत्ता बघायचा

विधिमंडळाचं काम करते असं सांगितलं की काळेवाडीत लोक दोनच प्रश्न विचारतात. कोणत्या पक्षाचं? आणि, आमच्या पोराचं कुठे चिकटेल का? दोन्ही प्रश्नांचा मला राग येत नाही. ज्या भागात माणूस वर्षानुवर्षं कंत्राटावर पहिल्या पाळीची बस पकडतो, तिथे आमदाराच्या कार्यालयात बसणारी मुलगी म्हणजे नोकरभरतीची खिडकीच वाटणार. मी हल्ली वाद घालत नाही. "प्रश्न लिहिते," एवढंच सांगते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चेच्या सूचना, अधिवेशन तोंडावर आलं की विधेयकांवरची टिपणं. छापलेल्या कागदावर नाव सदस्यांचं असतं, आणि ते तसंच असायला हवं.

हे काम मी शिकले मात्र मुंबईत किंवा नागपुरात नाही. शिकले स्कॉटलंडमध्ये, एडिंबराच्या होलिरूड भागातल्या संसदेत, विद्यार्थी म्हणून. त्यातला मोठा वाटा पहिल्याच दिवशी पदरात पडला. तो दिवस होता 17 जानेवारी 2023, मंगळवार. नंतर कळलं की असा दिवस ठरवूनही मिळाला नसता.

तिथे कशी पोचले याची गोष्ट लांबवत नाही, पण घराबद्दल सांगायला हवं. काळेवाडीकडून पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी कॅम्प. पुलाच्या अलीकडे विजयनगर, ज्योतिबानगर, नढेनगर असे भाग अर्ध्या-एक गुंठ्याच्या तुकड्यांवर उभे राहिले. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, खानदेशातून कंपन्यांत कामाला आलेल्यांनी नोटरीवर जागा घेतल्या आणि एकावर एक मजले चढवले. आम्ही धाराशिव जिल्ह्यातले. पप्पा आधी भोसरीत आणि मग चाकणच्या एका व्हेंडरकडे प्रेस शॉपमध्ये. घर आमचं, पण बँकेच्या दृष्टीने ते घरच नव्हतं. शैक्षणिक कर्जासाठी गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी कागद उलटेपालटे करून विचारलं, "मंजूर नकाशा कुठाय?" तो असता तर काय हवं होतं! शेवटी पप्पांचा पीएफ, आईच्या पाटल्या आणि तारणाशिवाय, पण जास्त व्याजाने मिळालेलं फायनान्सचं कर्ज, यावर मी सार्वजनिक धोरणाच्या एमएससीला गेले.

कायदा या विषयाची ओढ लागली तीही घरपट्टीमुळेच. महापालिका अधिनियमात 267अ हे कलम आलं आणि 4 जानेवारी 2008 नंतरच्या अनधिकृत बांधकामांना घरपट्टीच्या दुप्पट शास्ती लागू झाली. म्हणजे बिल तिप्पट. पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक निवडणुकीत शास्तीकराची घोषणा असायची. मग 600 चौरस फुटांपर्यंत सूट, पुढे 1000 पर्यंत, असं हप्त्याहप्त्याने सुटत गेलं. कॉलेजात राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'विधिमंडळाची कार्ये' हा धडा होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते बिल यायचं. मुंबईत कुणीतरी हात वर केला आणि काळेवाडीतल्या गल्लीत एका बाईने भिशी मोडली, इतका सरळ संबंध.

इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग होती, एका सदस्याच्या कार्यालयात. बिनपगारी. त्यामुळे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांड्यांपाशी उभी राहायचे. व्हिसाच्या नियमात बसेल तेवढे तास. बिनपगारी अनुभव कुणाला परवडतो याचा हिशेब मी तेव्हापासून मनात ठेवलाय. आज माझ्या हाताखाली कुणी शिकायला आलं तर प्रवासखर्च आणि जेवण तरी मिळालंच पाहिजे यावर मी भांडते. सदस्यांचा पक्ष कोणता ते इथे सांगत नाही. माझ्या तिथल्या कामाशी त्याचा संबंध फार थोडा होता.

आदल्या रात्री पप्पांनी फोनवर एकच सांगितलं. पहिल्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. मशीन कोण चालवतं ते बघायचं.

सकाळी साडेआठला निघाले तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. कॅननगेटच्या उताराने खाली गेलं की समोर राजवाडा, मागे सॅलिसबरीचे कडे आणि उजवीकडे ही संसद. विमानतळासारखी तपासणी, फोटो, गळ्यात पास. इमारतीचं कौतुक सगळेच करतात, मीही केलं. पण मला जास्त आवडली तिची भानगड. कॅटलान वास्तुविशारद एन्रिक मिरालेस जुलै 2000 मध्ये गेला, इमारत पुरी व्हायच्या आत. त्याच ऑक्टोबरात तिचा आग्रह धरणारे स्कॉटलंडचे पहिले फर्स्ट मिनिस्टर डोनाल्ड ड्युअर गेले. उद्घाटन झालं 2004 साली, ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिरा. सुरुवातीला 4 कोटी पौंडांच्या आत म्हटलं होतं, खर्च झाला 41 कोटी 40 लाख. हे घरी सांगितल्यावर पप्पा केवढे खूश झाले! एवढा एक देश तरी आपल्यासारखा निघाला.

प्रत्येक सदस्याच्या खोलीला खिडकीत बाहेर डोकावणारी एक बैठक आहे. एकट्याने बसून विचार करावा म्हणून वास्तुविशारदाने मुद्दाम दिलेली. आमच्या खोलीत तिच्यावर फायली, एक छत्री आणि सायकलचं हेल्मेट होतं.

मशीन चालवत होत्या ऑफिस मॅनेजर, पन्नाशीच्या एक बाई. मला मॅडम म्हणायची सवय. त्यांना नावाने हाक मारायला मला फेब्रुवारी उजाडला. त्यांनी संगणकापाशी बसवलं आणि म्हणाल्या, आधी पत्ता बघायचा. बाकी सगळं नंतर.

त्या सकाळी मेलबॉक्स फुटायला आला होता. कारण असं. 22 डिसेंबरला या संसदेने लिंगओळख बदलण्याची कायदेशीर प्रक्रिया सोपी करणारं विधेयक 86 विरुद्ध 39 मतांनी मंजूर केलं होतं. आणि आदल्याच दिवशी, 16 जानेवारीला, लंडनच्या सरकारने जाहीर केलं की 1998 च्या स्कॉटलंड कायद्याचं 35 वं कलम वापरून हे विधेयक आम्ही राजाच्या संमतीला जाऊ देणार नाही. 1999 साली संसद सुरू झाल्यापासून हे कलम कधीच वापरलं गेलं नव्हतं. इमारतीत जिथे जावं तिथे हाच विषय. विधेयकाच्या बाजूचे, विरोधातले, संतापलेले, विनवणारे असे शेकडो मेल. मी अर्थातच मजकूर वाचायला लागले. बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. मेलच्या तळाशी पोस्टकोड आहे का? आपल्या मतदारसंघातला आहे का? असेल तर नोंद, क्रमांक आणि आजच्या आज पोच. नसेल तर तुमचे प्रतिनिधी अमुक, त्यांना लिहा, असं नम्र उत्तर. पोस्टकोडच नसेल तर तो विचारायचा. बाजूने लिहिलंय की विरोधात, हे पत्त्यानंतर.

मला ते फार कोरडं वाटलं. इतका जीव तोडून माणूस लिहितोय आणि आपण पिनकोड बघायचा? तासाभराने त्यातली गोम कळली. शेकड्यांतले बहुसंख्य मेल आमच्या मतदारसंघाबाहेरचे, काही तर स्कॉटलंडबाहेरचे. उरलेल्या मूठभर मेलांमध्ये दोघांनी वेगळंच काही लिहिलं होतं, आणि या लोंढ्यात ते वाहून गेलं असतं. त्यातल्या एकीच्या घराला ओल होती. कौन्सिलचं घर, उत्तरेकडची भिंत, लहान मूल. सोबत फोटो: पलंगाखाली ठेवलेले मुलाचे छोटे बूट, आणि त्यांच्या जिभेपर्यंत चढलेली हिरवट-काळी बुरशी. बाईंनी तो फोटो मोठा करून पाहिला, तारीख विचारली, आधी कौन्सिलकडे तक्रार केली होती का ते विचारलं, आणि मग मला पोच लिहायला लावली. पहिला मसुदा मी पानभर लिहिला, सहानुभूतीने ओथंबलेला. त्यांनी तो चार ओळींवर आणला. तुमचं पत्र मिळालं. क्रमांक हा. आम्ही कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाला आज लिहितोय. अमुक तारखेपर्यंत त्यांचं उत्तर आलं नाही तरी आम्ही तुम्हाला कळवू. त्यातला 'तरी' त्यांनी हाताने घातला.

चहाच्या वेळी त्यांनी तिथली पद्धत समजावली. 129 सदस्य, 73 एकेका मतदारसंघातून, 56 आठ विभागांतून, विभागामागे सात. म्हणजे स्कॉटलंडमधल्या प्रत्येक माणसाला एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे असे आठ प्रतिनिधी या एका सभागृहात. वर लंडनला खासदार वेगळा आणि कौन्सिलचे नगरसेवक वेगळे. मग त्यांनी सहज विचारलं, तुझ्या घरचे कोण?

मी तोंड उघडलं आणि मनातल्या मनात मोजू लागले. नगरसेवक? पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत 13 मार्च 2022 ला संपली होती, निवडणूक झालेली नव्हती, कारभार प्रशासकाकडे. आमदार? काळेवाडी चिंचवड विधानसभा मतदारसंघात येते. आमदार लक्ष्मण जगताप यांचं 3 जानेवारीलाच निधन झालं होतं, पोटनिवडणूक व्हायची होती. उरले मावळचे खासदार. पदवीधर मतदारसंघाचे विधान परिषद सदस्य धरायचे तर धरा, पण ते पदवीधरांचे. पप्पा दहावी आहेत. म्हणजे सतरा लाखांचं, हा 2011 च्या जनगणनेचा आकडा, आशियातल्या श्रीमंत महापालिकांपैकी एक म्हणून मिरवणारं शहर, आणि आमच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन तुंबली तर निवडून आलेला माणूस एकदम दिल्लीत.

बाई म्हणाल्या, मग लोक लिहितात कुणाला? म्हटलं, प्रशासकांना. ते कुणाला उत्तर देतात? राज्य सरकारला. त्यांनी मान हलवली आणि काही बोलल्या नाहीत. टोमणा मारायची त्यांना सवय नव्हती. मला मात्र तो दिवसभर पुरला. माजी नगरसेवक होते, इच्छुक होते, 'भावी' म्हणून फ्लेक्स होते, दादा होते, भाऊ होते, अण्णा होते. फोन केला तर टँकरही पाठवायचे. पण उत्तर द्यायला बांधलेलं कुणी नव्हतं. हा फरक मी इतकी वर्षं राज्यशास्त्र शिकूनही कधी असा बोटावर मोजला नव्हता.

दुपारी सभागृहात. मंगळवारी दोन वाजता कामकाज चिंतनाने सुरू होतं: कधी पाद्री, कधी इमाम, कधी कुठलाच धर्म न मानणारा कुणी, काही मिनिटं बोलतो. मग प्रश्न, निवेदनं, चर्चा. पीठासीन अधिकाऱ्यांसमोर राजदंड, चांदीचा, त्यावर स्कॉटलंडच्या नद्यांतून गाळून काढलेल्या सोन्याची पट्टी. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत होते, कारण आपल्याकडे राजदंड म्हटला की तो पळवतात, हेच मला ठाऊक. इथे त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. सदस्याला चार-सहा मिनिटं. वेळ संपली की अध्यक्षांचा आवाज, नाहीतर माइक बंद. आणि बहुतेक दिवशी पाच वाजता 'निर्णयाची वेळ'. दिवसभरातल्या सगळ्या ठरावांवर एकदम मतदान. साडेपाचला माणसं घरी.

शिस्त बघून मी भारावले असेन असं वाटत असेल, तर तसं झालं नाही. निम्मे सदस्य कागदावरून वाचत होते. समोरच्याने मांडलेल्या मुद्द्याला उत्तर द्यायला कुणी थांबत नव्हतं, कारण वेळ मोजून दिलेला. नागपूरच्या अधिवेशनात रात्री दहा वाजता लक्षवेधीला उभा राहून, "अध्यक्ष महोदय, मी आपल्या माध्यमातून" असं म्हणत मंत्र्याला खिंडीत गाठणारा विदर्भातला आमदार मी नंतर पाहिला. त्या तोडीचं भाषण मी होलिरूडला ऐकलं नाही. चांगलं काय ते समित्यांत होतं. मंगळवारी-बुधवारी सकाळी छोट्या खोलीत नऊ-दहा सदस्य बसायचे, समोर साक्षीला आलेला बसचालक, डॉक्टर किंवा मच्छीमार, दारं लोकांना उघडी, आणि बोललेलं अक्षरशः लिहिलेलं काही दिवसांत वाचायला मिळायचं. आपल्या समित्यांचे अहवालही अभ्यासपूर्ण असतात, पण ते हाती लागेपर्यंत विषय थंड झालेला असतो आणि बैठकीत पत्रकारालाही प्रवेश नसतो.

संध्याकाळी आईशी बोलले तेव्हा तिकडे साडेदहा वाजून गेले होते. लंडनने विधेयक अडवल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "मग पास करून उपयोग काय?" पुढे अभ्यासात यावर मी एक निबंधच लिहिला, आणि त्यात आपलं शक्ती विधेयक घेतलं. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलेलं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलेलं, आणि कायदा कधीच न झालेलं. तिथे अडवलं तर अडवणाऱ्या मंत्र्याला दुसऱ्याच दिवशी आपल्या सभागृहात उभं राहून कारणं द्यावी लागली, लेखी कारणं प्रसिद्ध झाली, प्रकरण कोर्टात गेलं. आपल्याकडे फाइल पुढे सरकली नाही, इतकंच. बातमी व्हायला कुठली एक तारीखसुद्धा नव्हती. राज्याच्या विधिमंडळाच्या डोक्यावर कुणीतरी असणारच, संघराज्यात ते अपरिहार्य. अडवणाऱ्याने कारण द्यायचं की नाही, इथे खरा फरक पडतो.

त्या काही महिन्यांत तिकडे आणि इकडे इतकं घडलं की मी दोन्हीकडचे लाइव्ह आलटून पालटून बघत होते. 26 फेब्रुवारीला चिंचवडची पोटनिवडणूक, त्याच दिवशी कसब्याचीही. वर्तमानपत्रांना कसबाच दिसत होता. मला मतदान करता आलं नाही. परदेशात शिकणाऱ्याला आपल्याकडे टपाली मत नाही. गंमत अशी की एडिंबराच्या मतदार यादीत माझं नाव होतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून तिथे राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यालाही मतदार होता येतं. चिंचवडचा निकाल 2 मार्चला लागला आणि त्याच महिन्यात शास्तीकर पूर्ण माफ करणारा शासन निर्णय आला. पप्पांनी तो व्हॉट्सॲपवर पाठवला, पहिल्या पानाचा फोटो तिरका काढलेला. मूळ कर मात्र भरायचाच होता आणि बांधकामही त्यामुळे अधिकृत होणार नव्हतं, हे मी वाचून सांगितलं तेव्हा घरात थोडी निराशा झाली.

28 मार्चला फर्स्ट मिनिस्टरची निवड. उमेदवारांमध्ये दोघे, हमझा युसूफ आणि अनस सरवर, पाकिस्तानी पंजाबी कुटुंबांतले. युसूफ 71 मतं मिळवून निवडून आले. त्यांचे आजोबा साठच्या दशकात येऊन क्लाइडबँकच्या सिंगर शिलाई मशीनच्या कारखान्यात कामाला लागले होते. घरी फोनवर काकांनी आधी "पाकिस्तानी?" म्हणून भुवया उंचावल्या असाव्यात, आवाजावरून तसं वाटलं. पप्पांनी मधेच विचारलं, "सिंगर? ती कंपनी अजून चालू आहे का तिथं?" नाही, 1980 साली बंद पडली. मग बराच वेळ दोघे भाऊ बंद पडलेल्या कंपन्यांवर बोलत राहिले.

परत आल्यावर मी या पट्ट्यातल्या एका आमदारांच्या कार्यालयात लागले. शिकलेलं सगळं पहिल्या सोमवारी पालथं पडलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर लग्नपत्रिकांची चळत, भिंतीवर महाराजांची तसबीर, आणि दारापर्यंत रांग. आरटीईचा प्रवेश, महावितरणचं मीटर, वायसीएम रुग्णालयातलं बिल, अप्रेंटिसशिपसाठी कंपनीला चिठ्ठी, जागेचा वाद, जावयाची तक्रार. यातली अर्धी कामं आमदाराची नव्हेतच. मी उत्साहाने सांगायला लागले, काकू, हे महापालिकेचं. दादा, हे केंद्राचं. लोक माझ्याकडे बघून शेजारच्या टेबलाकडे वळले, जिथे लेटरहेडचा गठ्ठा होता. तिथला कार्यकर्ता काहीही न विचारता शिफारसपत्र लिहून द्यायचा. पत्राने काम व्हायचं असं नाही, पण हातात कागद यायचा.

तेव्हा मी चिडायचे. आता गणित घालते. चिंचवड मतदारसंघात 2023 च्या पोटनिवडणुकीला साडेपाच लाखांहून जास्त मतदार होते. अख्ख्या एडिंबरा शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. स्कॉटलंडमध्ये मतदारसंघामागे मतदार साधारण साठ हजार, आणि वर ते सात विभागीय सदस्य. तिथल्या बाईंना प्रत्येक पत्राला त्याच दिवशी पोच देता येत होती, कारण पत्रं तेवढीच होती. ती शिस्त काही रक्तात नसते, ती संख्येत असते. साहेबांच्या कार्यालयातल्या आम्हा पाच-सहा जणांवर त्यांच्या दहापट माणसांचा भार होता, आणि नगरसेवक नसल्याने त्यांचाही. परदेशात शिकून आलेल्यांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणा बघून नाकं मुरडावीत याला माझा विरोध आहे. 288 जणांत अकरा कोटींहून जास्त माणसांचं म्हणणं मांडायचं तर आवाज चढणारच.

पण संख्येच्या आड सगळंच लपवता येत नाही. चार ओळींची पोच द्यायला मोठं काही लागत नाही. मी एक वही घातली, मग एक्सेल. नाव, पत्ता, प्रश्न, कुणाच्या अखत्यारीतला, कुणाला लिहिलं, कधी, उत्तर. सहा महिन्यांनी त्या तक्त्यात एकाच गल्लीतल्या नळांबद्दलच्या, एकाच शाळेतल्या, एकाच वळणावरच्या अपघातांच्या तक्रारी एकाखाली एक दिसायला लागल्या. त्यातूनच तारांकित प्रश्न झाले. नुसता 'रस्त्यांची दुरवस्था' असा प्रश्न विचारला की 'हे खरे नाही' असं छापील उत्तर येतं. तारखा, ठिकाण आणि पत्रांचे क्रमांक घालून विचारला की 'हे अंशतः खरे आहे' येतं. या धंद्यात 'अंशतः' मिळालं तरी पेढे वाटावेत.

आणखी एक गोष्ट तिकडे कळली ती इकडचीच. होलिरूडला नागरिकाच्या अर्जासाठी समिती आहे. एका माणसाच्या सहीवर अर्ज घेतात, उघड्या बैठकीत चर्चा करतात. मी तिथल्या वाचनालयात बसून कौतुकाने टिपणं काढत होते आणि तुलनेसाठी महाराष्ट्र विधानसभेचे नियम उघडले. आपल्याकडेही विनंती अर्ज समिती आहे! अर्ज सदस्यामार्फत सभागृहात यावा लागतो, पण वाट आहे. काळेवाडीत ती कुणाला माहीत असल्याचं मला आढळलं नाही. मी ज्यांना विचारलं त्यात दोन माजी नगरसेवकही होते.

शिकायला येणाऱ्या पोरांना मी आता पहिल्या दिवशी संगणकापाशी बसवत नाही. रांगेत बसवते. येणाऱ्याचा पत्ता विचारा, मग प्रश्न विचारा, मग हा कुणाच्या अखत्यारीत ते मला सांगा. दुपारपर्यंत बहुतेकांचा चेहरा उतरतो, कारण त्यांना विधेयकांवर बोलायचं असतं. चाकणहून येणारी एक मुलगी मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, यातले निम्मे प्रश्न भाडेकरूंचे आहेत आणि त्यांचं मतदान गावाकडं आहे. मग ते आपले का?" यावर आमच्या कार्यालयात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. माझ्या मते आपले. पत्ता बघायचा तो आजचा, मतदार यादीतला नव्हे. साहेबांचं मत वेगळं आहे, आणि निवडणूक त्यांना लढवायची आहे.

15 जानेवारी 2026 ला महापालिकेचं मतदान झालं. मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षांनी. चार सदस्यांचा प्रभाग, त्यामुळे प्रत्येकाने चार मतं द्यायची. केंद्रावर म्हाताऱ्या माणसांना एकच बटण दाबून बाहेर येऊ नका हे समजावताना कर्मचाऱ्यांचा घसा बसला होता. शहरात 128 नगरसेवक निवडून आले. दुसऱ्या दिवशी गुलाल, डीजे, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या समोरच्या काकू तुंबलेल्या चेंबरची तक्रार घेऊन दारात. "चौघं आलेत गं निवडून. कुणाकडं जाऊ?"

"चौघांकडेही. लेखी द्या, आणि पोच घ्या."

काकूंनी पिशवीतून कागद काढला. चार प्रती आधीच झेरॉक्स करून आणल्या होत्या. पत्त्याच्या ओळीत फक्त 'काळेवाडी' लिहिलं होतं. पेन घेऊन आम्ही घर नंबर, गल्ली आणि पिनकोड चारही प्रतींवर लिहायला बसलो.